पटवारी

आधी त्याचं नाव होतं मिसरी.
पहिल्याच आठवड्यात चारी भिंतींच्या कडेनं
गोळ्या टाकत तो असा काही फिरला
की खासगीवाले काकू दारातूनच म्हणाल्या,
"अगं, हा ससा कसला, हा तर पटवारी.
नपती चाललीये, नपती. जमिनीची मोजणी."
तेव्हापासून पटवारी.

सुदामा नगर, दुसरा मजला, एक खोली.
करार अकरा महिन्यांचा.
स्टँपपेपरवर माझी सही, काकूंची सही,
साक्षीदार कोपऱ्यावरचा जैन किराणेवाला.
त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ट्रे मी बाल्कनीच्या दाराशी ठेवला,
तिथं मला झाडायला सोपं.
त्याला हवा होता कपाटामागचा कोपरा.
मी उचलून ट्रेमध्ये ठेवायची,
तो उडी मारून बाहेर,
कोपऱ्यात जाऊन शेपूट जराशी वर,
आणि नजर थेट माझ्यावर.
पंधरा दिवस व्हिनेगर, फडकं, आरडाओरडा.
सोळाव्या दिवशी ट्रेच कपाटामागे नेला.
भांडण संपलं.
कोणी कोणाला शिकवलं, विचारू नका.
मी भंवरकुव्यावर मुलांना भौतिकशास्त्र शिकवते,
तिथंही याचा नीट पत्ता लागत नाही.

गवतही ट्रेतच ठेवावं लागतं.
तो खाता खाताच उरकतो.
माझी आई नुसतं ऐकून ताटावरून उठली असती.

सकाळी कचऱ्याची गाडी.
"मैडम, ये गीला है कि सूखा?"
गोळ्या सुक्या, भुसा ओला,
एकाच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
पोरगा खरंच विचारात पडला.
मागून स्कूटरचा हॉर्न.
शेवटी काकू वरून ओरडल्या,
"गोळ्या मला दे गं, मोगऱ्याला घालते!"

महूच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं,
शिंपडणं थांबलं.
हनुवटी नाही थांबली.
हनुवटीखाली म्हणे वासाची ग्रंथी असते.
टेबलाचा पाय. माझी डावी चप्पल.
तपासायच्या पेपरांचा गठ्ठा.
आत्ता, आत्ता आणलेली मेथीची पिशवी.
टेकवतो, किंचित घासतो, पुढच्या कामाला लागतो.
वास त्याला येतो, मला येत नाही.
खोलीभर काहीतरी लिहिलेलं आहे
आणि मी त्यात अंगठेबहाद्दर.

भोपाळला सहा वर्षं एका घरात होते.
परातीपासून पडद्यापर्यंत
एकाही वस्तूला हनुवटी लावली नाही.
निघाले तेव्हा दोन बॅगा भरल्या,
दुसरी तर अर्धीच.

अकराव्या महिन्यात काकूंचा मुलगा पुण्याहून परत आला.
काकू रडल्या थोड्या, पण खोली लागणारच होती.
मी कोपरे घासले, फरशी पुसली,
कुरतडलेल्या दाराच्या चौकटीला पॉलिश मारलं.
ट्रे उन्हात वाळवला.
फक्त एक मूठ जुना भुसा, वासासकट,
स्टीलच्या डब्यात घेतला,
नव्या घरी विरजण नेतात तसा,
मांडीवर धरून, झाकण घट्ट लावून.

रामबाग. तिसरा मजला. मीटर अजून लागायचंय.
पिंजऱ्याचं दार उघडलं.
बराच वेळ तो आतच बसला, नाक तेवढं चालू.
मग एक पाय. मग मान.
मग भिंतीला चिकटून पहिली फेरी.

मी अजून काहीच मांडलेलं नाही.
ट्रे हातात घेऊन मधोमध बसलेय,
पलंगाचे पाय बाहेर जिन्यातच उभे.
खालून टेम्पोवाला, तिसऱ्यांदा:
"मैडम, और कितनी देर?"
"रुको भिया,
नपती चल रही है."